खाऱ्या हवेतली सेमी-हॉलो

वेंगुर्ल्यात गिटारचं लाकूड टिकतं, लोखंड टिकत नाही. घर बंदराजवळ असेल तर पहिल्या पावसाळ्यात स्क्रू तपकिरी होतात आणि दुसऱ्यात त्यांच्या डोक्याच्या खाचा इतक्या झिजतात की स्क्रूड्रायव्हर नुसता गरगर फिरतो. मुंबई-पुण्यातले वाजवणारे पार्ट बदलतात ते आवाजासाठी. माझी सुरुवात गंजापासून झाली, आवाज त्यात नंतर आला.

माझी गिटार ईएस-३३५ च्या धाटणीची आहे. गिब्सन कंपनीने ती ३३५ बाजारात आणली १९५८ साली आणि तेव्हापासून तिची नक्कल करणाऱ्या स्वस्त गिटारींना खळ नाही. माझी पणजीतल्या एका मुलाकडून सेकंडहँड घेतलेली. कंपनी कुठली हे सांगण्यात अर्थ नाही, कारण या किमतीत सगळ्यांचा हिशोब एकच असतो: बॉडी आणि गळा नीट करायचा आणि पैसे वाचवायचे ते बटणं, स्विच, जॅक, नट, खुंट्या असल्या न दिसणाऱ्या मालात. घेणाऱ्यासाठी हा सौदा वाईट नाही. जे बदलता येत नाही ते चांगलं असतं आणि जे वाईट असतं ते बदलता येतं.

सेमी-हॉलो म्हणजे अर्धी पोकळ. वरचा आणि खालचा पापुद्रा पातळ, दोन बाजूंना पोकळी, वरती इंग्रजी एफसारखी दोन भोकं, आणि मधोमध गळ्यापासून शेपटापर्यंत लाकडाचा भरीव ठोकळा. तो ठोकळा फीडबॅकसाठी. पूर्ण पोकळ गिटार अ‍ॅम्पसमोर धरली की स्पीकरच्या आवाजाने बॉडीच थरथरते, ती थरथर पिकअप (तारांखालचा, त्यांचा कंप विजेत बदलणारा भाग) परत अ‍ॅम्पकडे पाठवतो आणि कान फाटेपर्यंत भोंगा वाजत राहतो. ठोकळ्यामुळे ब्रिज (तारा बॉडीवर टेकतात तो भाग) आणि पिकअप भक्कम लाकडावर बसतात, कडेच्या पोकळीचा थोडा हवेशीरपणाही राहतो. शिवाय इथे आणखी एक फायदा, जो कुठल्या जाहिरातीत येत नाही: जूनमध्ये वादळवाऱ्याने लाइट गेली की ही गिटार अ‍ॅम्पशिवायही खोलीपुरती ऐकू येते.

स्वस्त सेमी-हॉलोची बॉडी प्लायची असते. मेपलचे पातळ थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवून, साच्यात दाबून तिला तो कमानीसारखा फुगवटा देतात. 'प्लाय' म्हटलं की लोक नाक मुरडतात. पण मूळ ३३५ सुद्धा लॅमिनेटेडच असते, आणि कोकणच्या हवेला तर हेच हवं. अख्ख्या लाकडाची पातळ फळी पावसात फुगते, उन्हाळ्यात आखडते आणि कधीतरी चिरते. आडव्या-उभ्या थरांना ते इतकं सोपं जात नाही. माझ्या शेजारच्या अख्ख्या स्प्रूस लाकडाच्या अकूस्टिकचं टॉप ब्रिजमागे फुगलंय. माझी गिटार जशी आणली तशीच आहे.

मग बिघडलं होतं काय? व्हॉल्यूम फिरवला की खरखर. पिकअप निवडायचा तीनपदरी स्विच मधल्या जागेवर कधी लागायचा, कधी नाही. केबल हलली की जॅकमध्ये कडकड. जी आणि बी तारा सुरात लावताना नटपाशी 'टिंग' करून उडी मारायच्या, म्हणजे खुंटी पिळली तरी तार खाचेत अडकून बसायची आणि मग एकदम सुटायची. खुंट्यांवरचं क्रोम फोडासारखं उठलं होतं. यादी लांब दिसते, पण नीट बघितलं तर सगळ्याची कारणं दोनच. एक, धातूवर बसलेलं मीठ. दोन, मुळातच हलका माल. पिकअप या यादीत कुठेच नाही हे लक्षात घ्या, कारण 'गिटार अपग्रेड करायचीय' असं कुणाला विचारलं की पहिलं उत्तर पिकअपच मिळतं.

मी नटपासून सुरुवात केली. गळ्याच्या टोकाशी तारा ज्या पांढऱ्या पट्टीवरून जातात तो नट. स्वस्त गिटारीत तो प्लास्टिकचा आणि बहुतेक वेळा आतून पोकळ असतो. हाडाची पट्टी मी मिरजेहून मागवली. एक ओळखीचे तबलजी तिकडे जात-येत असतात. मिरजेत सतार-तंबोऱ्याच्या घोड्यांचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं, त्यामुळे हाड कापून, वाळवून, चौकोनी करून देणारा माणूस तिथे सापडतो. आमची मापं त्याला विचित्र वाटली असणार: लांबी ४३ मिलिमीटर, जाडी सहाच्या आसपास. पण पट्टी आली ती अगदी काटकोनात.

जुना नट काढण्याआधी त्याच्या कडेने ब्लेडने रेघ ओढून घ्यायची. गळ्यावरचं पॉलिश नटवर चढलेलं असतं, रेघ न मारता ठोकला की पॉलिशचा टवका त्याच्याबरोबर जातो. मग लाकडाचा तुकडा मध्ये धरून बाजूने हलकेच ठोकायचं. गोंद थोडाच असतो, पट्कन सुटतो. नवी पट्टी खिडकीच्या काचेवर सँडपेपर पसरून खालून घासत घासत उंची उतरवली. काच यासाठी की तिच्याइतकं सपाट घरात दुसरं काही नसतं. हाड घासताना वास येतो, दाढेचं ड्रिलिंग करताना येतो तोच. आईने मला अंगणात पिटाळलं.

खाचा पाडणं हे यातलं खरं काम. नटच्या कानशी महाग येतात, प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी. बंदरावर ट्रॉलरची कामं करणाऱ्या वेल्डिंगवाल्याकडे मात्र गॅसकटरचं नोझल साफ करायच्या बारीक खरखरीत सुयांचा जुडगा असतो. वेगवेगळ्या जाडीच्या त्या सुया हार्डवेअरच्या दुकानात चहा-भजीच्या पैशांत मिळतात आणि खाचेला गोल तळ देतात. खाच उतरती ठेवायची ती खुंट्यांच्या दिशेने, म्हणजे तारेचा शेवटचा टेकू नटच्या पुढच्या कडेवर यायला हवा. टेकू मागे गेला तर मोकळी तार सतारीसारखी झणझणते. तंबोऱ्यात जवारी काढायला कारागीर जे मुद्दाम करतो, ते इथे होऊ द्यायचं नाही.

खोली किती? तार तिसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गळ्यावरची धातूची आडवी पट्टी) दाबायची आणि पहिल्या फ्रेटच्या वर बघायचं. तिथे तार आणि फ्रेट यांच्यात केसाएवढी फट दिसली पाहिजे. फट मोठी असेल तर एफची कॉर्ड धरताना बोटं दुखतात आणि सूरही चढा लागतो. फट नसेल तर मोकळी तार करकरते. जाड ई तारेला किंचित जास्त जागा. सुई दोनदा फिरवायची, तार बसवायची, बघायचं, परत काढायची. शेवटी खाचेत पेन्सिलचं शिसं घासलं. 'टिंग' गेलं. खरं सांगायचं तर इथेच थांबले असते तरी गिटार निम्म्याने सुधारली होती, आणि खर्च म्हणाल तर नव्या तारांच्या सेटइतकाही नाही.

खुंट्यांबद्दल थोडक्यात. मागवण्याआधी दोन मापं घ्यायची: हेडस्टॉकमधल्या भोकाचा व्यास (बहुतेक नव्या गिटारीत १० मिलिमीटर) आणि मागच्या बारीक स्क्रूची जागा. भोक जुळलं आणि स्क्रू जुळला नाही तर हेडस्टॉकवर नवी भोकं पाडत बसावं लागतं. मी १८:१ च्या घेतल्या, म्हणजे खुंटी १८ वेळा फिरवावी तेव्हा तार गुंडाळायचा खांब एकदा फिरतो. बारीक सूर लावायला बरं पडतं. पट्टा अडकवायच्या दोन बटणांचे स्क्रू मात्र होडीच्या सामानाच्या दुकानातून ३१६ स्टेनलेसचे आणले. समुद्रात टिकायला केलेला तो माल आहे. गिटारचे बाकीचे स्क्रू एवढे बारीक असतात की होडीवाल्याकडे ते मिळत नाहीत. जुन्या स्क्रूची भोकं सैल झाली होती, त्यांत फेव्हिकॉल लावून टूथपिक ठोकल्या, रात्रभर वाळू दिलं आणि कडेने कापून टाकल्या.

आता वायरिंग. यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

स्ट्रॅटसारख्या भरीव गिटारीत वायरिंगला झाकण असतं, चार स्क्रू काढले की सगळं समोर. काही सेमी-हॉलोंमध्ये मधला ठोकळा थोडा कोरलेला असतो, तिथे पिकअपच्या खड्ड्यातून हात घालता येतो. माझ्या गिटारीत ठोकळा अखंड आहे. म्हणजे चार पॉट (बटणांखालचे फिरते भाग), स्विच आणि जॅक हे सगळं एफ-होलमधून बाहेर काढायचं आणि तिथूनच परत आत घालून एकेकाला आपापल्या भोकातून डोकं वर काढायला लावायचं. भोक जिथे सर्वांत रुंद, तिथे माझं बोट जेमतेम जातं.

बाजारपेठेत टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत. गणपतीत निम्म्या तालुक्याचे अ‍ॅम्प्लिफायर त्यांच्याकडे येतात. गिटार बाकावर ठेवली तर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून भोकात टॉर्च मारला आणि म्हणाले, "काय गो, ह्येच्या पोटात हात कसो घालतलंस?"

"हात नाही घालायचा काका. दोऱ्याने ओढायचं."

"आणि दोरो तुटलो तर?"

म्हणून दोरा नाही, तंगूस घेतला. मासेवाल्यांचा तो तुटत नाही आणि खोबणीत गुंतत नाही.

पॉट मागवताना मोठा आकार टाळला. नावाजलेले अमेरिकन पॉट सुमारे २४ मिलिमीटर व्यासाचे असतात. ते माझ्या एफ-होलमधून गेलेच नसते, आणि त्यांच्या जाड गळ्यासाठी बॉडीवरची भोकंही मोठी करावी लागली असती. पॉलिश केलेल्या कमानदार प्लायवर ड्रिल फिरवायला मी तयार नव्हते. अल्फा कंपनीचे १६ मिलिमीटरचे छोटे पॉट सरळ जातात. रोध ५०० के, म्हणजे ५०० किलोओहम, कारण हंबकरला (दोन गुंडाळ्यांच्या पिकअपला) तेवढा लागतो. २५० चा घातला तर वरचे सूर थोडे मंदावतात, तो सिंगल कॉइलसाठी, म्हणजे एका गुंडाळीच्या पिकअपसाठी. पॉटवर आधी ए लिहिलंय की बी तेही बघा: ए म्हणजे लॉग, बी म्हणजे लिनिअर. कानाला आवाजाचा चढ लॉगच्या हिशोबानेच सारखा वाटतो. माझ्यातले जुने चारही बी होते. त्यामुळे व्हॉल्यूम दहावरून पाचपर्यंत आणताना फारसा फरकच पडायचा नाही आणि मग शेवटी एकदम सगळं गळून पडायचं.

सगळं वायरिंग बाहेरच पुठ्ठ्यावर करायचं. गिटारवर कागद ठेवून भोकांच्या जागा पेन्सिलने उतरवल्या, तो कागद आंब्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर चिकटवला, भोकं पाडली आणि पॉट त्यात बसवून डाख (सोल्डर) दिला. गिटारीत जेवढं अंतर तेवढंच पुठ्ठ्यावर, म्हणजे वायरी ना तोकड्या पडतात ना लोंबतात. मी तरी जॅककडच्या वायरीला चार बोटं ढील ठेवली. आत ओढताना सर्वांत जास्त ताण तिच्यावर येतो.

डाख देताना पॉटची पाठ सर्वांत छळते. तिथे जमिनीच्या (अर्थच्या) वायरी येतात आणि धातू मोठा असल्याने २५ वॉटची डाखणी तिला तापवू शकत नाही. डाखणी टेकवून बसलं की डाख वितळत नाही, पण पॉटच्या आतला कार्बनचा पट्टा मात्र भाजून निघतो. काकांची ६० वॉटची होती. पाठ आधी सँडपेपरने खरवडली, मग क्षणभर टेकवली, डाख पाण्यासारखा पसरला, काम झालं. सोल्डर राळेच्या गाभ्याचीच वापरायची. डबीतली पेस्ट आम्लाची असेल तर ती धातू खाते, आणि आमच्या हवेत आधीच खाणारे पुष्कळ आहेत.

टोनसाठी जुन्या वायरिंगमध्ये ४७३ छापलेले कपॅसिटर होते, म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरड. टोन थोडा उतरवला की सगळं घोंगडीत गुंडाळल्यासारखं व्हायचं. ब्रिज पिकअपला २२३, म्हणजे ०.०२२, आणि गळ्याकडच्याला त्याहून लहान ०.०१५ घातला. तो पिकअप मुळातच गोड आणि जाड, त्याला आणखी बुजवायचं कशाला? ऑइलमधले, जुन्या जमान्याचे, हजारो रुपयांचे कपॅसिटर विकणारे लोक आहेत. काकांच्या डब्यातले हिरवे पॉलिएस्टरचे रुपया-दोन रुपयांना पडले. मायक्रोफॅरडचा आकडा तोच असेल तर कान फरक सांगू शकत नाही, असं माझं मत आहे.

एक बदल मात्र फुकट आहे आणि कानाला लगेच कळतो. नेहमीच्या पद्धतीत टोनचा पॉट व्हॉल्यूमच्या आत येणाऱ्या पायाला जोडतात, म्हणजे जिथे पिकअप येतो तिथे. तो मधल्या पायाला, म्हणजे आवाज बाहेर जातो तिकडे जोडला तर व्हॉल्यूम कमी केला तरी वरचे सूर शाबूत राहतात. पन्नाशीच्या दशकात गिब्सन असंच जोडायची, म्हणून त्याला फिफ्टीज वायरिंग म्हणतात. अट एवढीच की व्हॉल्यूम आणि टोन एकमेकांच्या पायात पाय घालतात: एक हलवला की दुसऱ्याचाही परिणाम थोडा बदलतो. गाण्याच्या मागे वाजवताना मी व्हॉल्यूम सहावर ठेवते, तिथे पूर्वी आवाज मळकट व्हायचा. आता होत नाही.

आत घालायचा दिवस. प्रत्येक भोकातून तंगूसाचा तुकडा आत सोडला आणि आकड्याने एफ-होलमधून बाहेर काढला. पॉटच्या दांड्यांवर मोपेडच्या पेट्रोलच्या नळीचे तुकडे घट्ट बसवले आणि तंगूस त्या नळीला बांधला. सहा मिलिमीटरच्या दांडीवर ती नळी फिट्ट बसते आणि दांडीला ओरखडाही पडत नाही. आधी सर्वांत लांबचा पॉट, मग त्याच्या शेजारचा, मग स्विच, शेवटी जॅक. ओढायचं ते एकट्याने नाही. एकाने तंगूस खेचायचा, दुसऱ्याने एफ-होलमधून चमच्याच्या दांड्याने पॉटला वळण द्यायचं. धाकट्या भावाला धरून बसवला होता. पॉटचा गळा भोकातून वर आला की वॉशर घालून पॉटचा पेचाचा नट हाताने फिरवून लगेच अडकवायचा, नाहीतर पुढचा ओढताना हा परत पोटात पडतो.

नट पान्याने आवळताना आतला पॉटही बरोबर फिरतो आणि वायर पिळली जाते, शेवटी तुटते. उपाय: दांडी शेवटपर्यंत फिरवून ठेवायची आणि नळीवरूनच पकडीने धरून मग नट आवळायचा. माझी एकही वायर तुटली नाही. भावाची कंबर मात्र धरली.

पिकअप. हंबकर ही १९५५ साली गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी काढलेली युक्ती. दोन गुंडाळ्या, एकमेकींच्या उलट गुंडाळलेल्या, आणि चुंबकाची दिशाही उलट. तारेचा आवाज दोन्हीत जुळून वाढतो, विजेच्या ५० हर्ट्झची घरघर मात्र एकमेकींना खाऊन टाकते. माझ्यातला ब्रिजकडचा ठीक होता, तो ठेवला. गळ्याकडचा बदलला, तिथे सीमोर डंकन कंपनीचा '५९ नावाचा आणला. मल्टिमीटरवर तो साडेसात किलोओहमच्या आसपास दाखवतो, म्हणजे फार जोरकस नाही. जुना त्याच जागी बारा दाखवायचा आणि सगळं चिखलात वाजायचं. जास्त ओहम म्हणजे जास्त चांगला असं दुकानदार सांगतात, त्यावर जाऊ नये.

दोन वेगळ्या कंपन्यांचे पिकअप एकत्र घातले की एक तपासणी करायचीच. दोघांची फेज उलटी निघाली तर एकेकटे छान वाजतात, पण स्विच मधे नेला की खालचे सूर गायब आणि आवाज टेलिफोनमधून आल्यासारखा. काकांकडे काट्याचा जुना मल्टिमीटर होता. पिकअपच्या दोन वायरींना तो लावून ओहमवर ठेवायचा, मग स्क्रूड्रायव्हर पिकअपवर टेकवून झटकन उचलायचा. काटा क्षणभर एका बाजूला हलतो. दुसऱ्या पिकअपचा त्याच बाजूला हलला तर फेज एक. माझे उलटे निघाले. चार वायरींच्या पिकअपमध्ये हे सोपं असतं: सीमोर डंकनची काळी आणि हिरवी अदलाबदल करायची, उघडी वायर जमिनीलाच ठेवायची, लाल आणि पांढरी एकमेकींना जोडून टेपने बंद. हे सगळं पुठ्ठ्यावर असतानाच करून घेतलं हे बरं. आत गेल्यावर कळलं असतं तर परत सगळी मासेमारी.

सगळं बसलं, तारा चढवल्या, अ‍ॅम्प लावला आणि घरघर होतीच. तारेला हात लावला की कमी, सोडला की जास्त. म्हणजे ब्रिजच्या खांबाखालून येणारी जमिनीची वायर शाबूत होती. काकांना फोन केला. ते म्हणाले, "गिटारीचो दोष नाय. घराचा अर्थिंग बघलंस काय?"

आमचं घर जुनं, जांभ्या दगडाचं. अर्थिंगचा खड्डा मागच्या परसात, मीठ-कोळसा घालून केलेला, कधी केला ते कुणाला आठवत नाही. जांभ्याची जमीन पाणी धरत नाही, उन्हाळ्यात खड्डा कोरडा ठक्क पडतो. इलेक्ट्रिशियनने येऊन मीठ-कोळसा नवा घातला, वरून पाणी सोडलं. घरघर निम्म्याहून कमी झाली. आता एप्रिल-मेमध्ये मोगऱ्याला पाणी घालताना दोन कळशा त्या खड्ड्यातही जातात. घरघर अडवायला गिटारच्या आत तांब्याची पट्टी चिकटवायचा विचार मात्र सोडून दिला. सेमी-हॉलोत ती कुठे कुठे चिकटवणार? त्याऐवजी सगळ्या वायरी वरून धातूची जाळी असलेल्या घेतल्या होत्या, तेवढं पुरलं.

बटणांचं सामान सावंतवाडीचं. मूळची पिवळट प्लास्टिकची बटणं मला पहिल्यापासून डोळ्यात खुपायची. चितारआळीत लाकडी फळं, खेळणी करणारी दुकानं आहेत, तिथल्या एका कारागिराला एक जुना पॉट नेऊन दाखवला.

"लाकडाची बटणां होयी? करून देतंय. पण भोकाचा माप नीट दी."

माप म्हणजे सहा मिलिमीटर, गोल दांडी. इथे आधीची एक गोष्ट सांगायला हवी. पॉट दोन तऱ्हेच्या दांडीचे मिळतात, दातेरी चिरलेली आणि गुळगुळीत भरीव. दातेरीवर प्लास्टिकचं बटण दाबून बसतं, लाकडाला ते दाते कापायचे कसे? म्हणून बटणं लाकडी करायची हे ठरल्यावर मगच भरीव दांडीचे पॉट मागवले. बटणाच्या कडेला आडवं भोक आणि त्यात बारीक पितळी स्क्रू, तो दांडीवर आवळतो.

त्याने लेथवर माझ्यासमोर एक काढून दाखवलं. लाकूड फिरतंय, पटाशी टेकली की भुसा उडतोय. मग रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसत गेली, एका दमात लालभडक. मला लाल नको होता, मी काळा सांगितला. तो जरा नाराज झाला. बाजूला गंजिफाची गोल पानं रंगवायचं काम चालू होतं. बटणाच्या माथ्यावर एकेक अवतार काढून देऊ का, असंही विचारलं. कल्पना मोहात पाडणारी होती, पण व्हॉल्यूम कमी करताना दर वेळी मत्स्यावताराला उलटा करायचं माझ्याने झालं नसतं. चार काळी, प्रत्येकावर एक बारीक पिवळी रेघ, म्हणजे अंधारात किती फिरवलंय ते कळावं. घामाच्या बोटांना लाख प्लास्टिकपेक्षा कमी निसटते. हे आधी ठाऊक नव्हतं.

शेवटचं सेटअप पावसाळ्यातच करावं लागलं, खरं तर ते ऑक्टोबरनंतर करावं. हवेत ओल असली की गळ्याचं लाकूड ती पिते आणि गळ्याचा बाक बदलतो. माझा पुढे झुकला होता, मधल्या फ्रेटांवर तारा उंच. ट्रस रॉड (गळ्यातली लोखंडी सळई) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, मग तासभर थांबायचं आणि परत बघायचं. अर्ध्या फेऱ्याच्या पुढे एका बैठकीत जायचं नाही. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकाच वेळी दाबून सातव्यापाशी पोस्टकार्डाएवढी फट राहिली की पुरे. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली तेव्हा तो पाव फेरा परत सोडावा लागला. आता हे वर्षातून दोनदा ठरलेलंच.

तारा १०-४६ जाडीच्या, कोटिंगवाल्या. साध्या तारा इथे जुलैत आठवडाभरात खरखरीत होतात, कोटिंगवाल्या महाग असल्या तरी हिशोबात स्वस्त पडतात. वाजवून झालं की सुक्या फडक्याने पुसायच्या, तारांखालून फडकं घालून. केसमध्ये सिलिका जेलची कापडी पुरचुंडी. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतून परत निळे करायचे. त्यासाठी तवा वेगळा ठेवा.

ब्रिज अजून जुनाच आहे. त्याच्या सॅडलचे (एकेक तार टेकते त्या छोट्या तुकड्यांचे) स्क्रू गंजून जॅम झाले होते. त्यांवर थेंब-थेंब तेल सोडून ते फिरते केले आणि बाराव्या फ्रेटवरचा सूर हार्मोनिकशी (तार न दाबता नुसतं बोट लावून काढलेल्या सुराशी) जुळवून घेतला. नवा घ्यायचा तर खांबांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजायचं, माझं ७४ मिलिमीटर भरलं. खांबांचे पेच मेट्रिक आहेत की इंची तेही बघायचं, कारण दिसायला सारखे असले तरी ते एकमेकांत जात नाहीत. तो पितळेचा मिळाला तर घेईन. जस्ताच्या मिश्रधातूचं क्रोम एकदा उठायला लागलं की त्याला थोपवता येत नाही.